कुंडीतल्या झुडपांची वाढ आवरताना: म्हसरूळच्या रोपवाटिकेतील प्रकल्प नोंदी

२४ मे

लॉट ठरला. सगळ्या कुंड्या ८ इंची, काळ्या प्लास्टिकच्या. जास्वंद ४००, बोगनवेल २४०, तगर १२०, एक्झोरा ८०. माल दसऱ्याच्या आसपास गाडीत चढायचा आहे. गिऱ्हाईक बागकामाचे ठेकेदार. त्यांना हवे ते झुडूप कुंडीच्या काठापासून फार तर दीड-दोन कुंड्यांइतके उंच, तळापासून भरलेले आणि चार-पाच फांद्यांचे. जून ते सप्टेंबर या काळात नाशिकच्या ढगाळ हवेत आणि ५० टक्के शेडनेटखाली जास्वंद नेमकी उलटी वागते. दोन पानांमधले पेर लांबते, खालची पाने गळतात, काडी वाकते आणि गाडीत मोडते.

वाढरोधक हे त्यावरचे शेवटचे साधन, पहिले नव्हे. आधी जागा. कुंड्या खेटून होत्या, त्या मध्यापासून मध्यापर्यंत १ फूट अंतरावर मांडल्या. जास्वंद आणि बोगनवेल शेडनेटबाहेर काढल्या, फक्त एक्झोरा आत राहिला. नत्र कमी केले. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखे असलेले खत) आठवड्यातून दोनदा जात होते, ते एकदाच, लिटरला १ ग्रॅम. या तीन गोष्टी न करता फवारणी केली तर औषध एका बाजूने रोखते आणि सावली व नत्र दुसऱ्या बाजूने ओढतात. मग डोस वाढवत राहावे लागते.

भरणाची मिश्रणे दोन आहेत, आणि हे नोंदवून ठेवणे भाग आहे. मिश्रण अ: कोकोपीट ५ भाग, भाताचे तूस २, शेणखत १. गच्चीवरच्या बागांसाठी हलके. मिश्रण ब: पोयटा माती ३ भाग, शेणखत २, तूस १. बंगल्यांच्या आवारासाठी. तूस घोटी-इगतपुरीकडचे, ते दोन्हीत एकच. बोगनवेलीच्या १०० कुंड्या अ मध्ये, १४० ब मध्ये. जास्वंद सगळी ब मध्ये.

२ जून

छाटणी. जास्वंद कुंडीच्या काठापासून १५ सेंमीवर, बोगनवेल २० सेंमीवर, कात्री प्रत्येक रांगेनंतर स्पिरिटने पुसून. तगरीचे फक्त शेंडे खुडले. वाढरोधक काडी आखूड करत नाही, पुढे येणारी फूट आखूड ठेवते. ३५ सेंमीची उघडी काडी तशीच ठेवून औषध दिले तर वर एक गुच्छ आणि खाली काठी, असे झाड तयार होते. असा माल परत येतो.

प्रत्येक जातीच्या १० कुंड्यांना पांढरी पट्टी लावली. या कोऱ्या. त्यांना छाटणी, खत, पाणी सगळे सारखे, औषध नाही. या दहा कुंड्यांशिवाय पुढचे कुठलेही माप निरर्थक आहे, कारण पावसाळा कमी-जास्त झाला की वाढ आपोआप कमी-जास्त होते आणि श्रेय औषधाला जाते.

९ जून

साधने आणि पाणी. बोअरच्या पाण्याचा सामू (pH) पट्टीवर ८ च्या जवळ. सीसीसी आणि पॅक्लोब्युट्राझोल (पुढे पॅक्लो) या दोन्ही वाढरोधकांना अशा पाण्याने फारसा फरक पडत नाही. इथेफॉन या तिसऱ्या वाढरोधकाला पडतो. सामू ५ च्या वर गेला की ते टाकीतच फुटून इथिलीन वायू सोडू लागते आणि पानापर्यंत पोचायच्या आधीच जोर जातो. इथेफॉन या प्रकल्पात घेतलेले नाही, आणि कारण केवळ पाणी नाही. बोगनवेलीची रंगीत पाने आणि जास्वंदीच्या कळ्या इथिलीनने गळतात. फुलासाठी विकायच्या मालावर ते कशाला?

घेतलेली औषधे दोन:

सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड ५० टक्के एसएल (पाण्यात विरघळणारे द्रव). १ मिलीत साधारण ५०० मिग्रॅ मूळ द्रव्य. १ मिली प्रति लिटर म्हणजे ५०० पीपीएम (लिटरला ५०० मिग्रॅ), २ मिली म्हणजे १०००. पानातून शिरते, असर तीन आठवड्यांच्या आत ओसरतो, म्हणून परत द्यावे लागते.

पॅक्लोब्युट्राझोल २३ टक्के एससी (बारीक कण तरंगणारे दाट द्रव), कल्टार या नावाने आंबेवाल्यांच्या ओळखीचे. वजन-आकारमानाच्या हिशोबाने २५ टक्के, म्हणून १ मिलीत २५० मिग्रॅ. मुळातून आणि कोवळ्या खोडातून शिरते व पाण्याबरोबर फक्त वर चढते. पानावर पडलेले थेंब पानातच अडकतात, खाली खोडाकडे येत नाहीत. कुंडीत महिनोन्महिने टिकते. दोन्हींचे काम एकच: झाडाच्या आत जिबरेलिन हे पेर लांबवणारे संप्रेरक तयार होणे रोखणे. पेशी तयार होतात पण लांबत नाहीत, त्यामुळे पानांची संख्या जवळपास तीच राहते, पेर आखूड होते आणि पान गडद दिसते.

इथे मापाचा घोळ होतो, तो आधीच मिटवून ठेवला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची हापूससाठीची शिफारस झाडाच्या विस्ताराच्या व्यासाच्या दर मीटरला ३ मिली कल्टार अशी आहे. आंब्याच्या बागेत काम केलेला माणूस 'कुंडीला अर्धा मिली पुरे' असे सहज म्हणून जातो. अर्धा मिली म्हणजे १२५ मिग्रॅ. आपल्याला कुंडीला २ ते १० मिग्रॅ द्यायचे आहेत. म्हणून बाटलीतून थेट काहीही मोजायचे नाही. साठा द्रावण करायचे: ४ मिली औषध, त्यात पाणी घालून १ लिटर. आता १ मिलीत १ मिग्रॅ. यापुढे वहीत 'मिली प्रति लिटर' न लिहिता 'मिग्रॅ प्रति कुंडी' लिहायचे.

लेबलवर पॅक्लोसाठी आंबा आहे, शोभेची झुडपे नाहीत. म्हणजे इथला डोस आपल्याला दहा-दहा कुंड्यांवर शोधावा लागणार, तयार आकडा मिळणार नाही.

साधने: १ मिली आणि १० मिलीच्या सिरिंजा, १ लिटरचा मापन नळकांडा, ३०० मिलीवर खूण केलेला मग, ६० लिटरचा ड्रम, नवा १६ लिटरचा बॅटरी पंप. पंप नवाच. द्राक्षबागेत वापरलेला पंप आणला तर त्यात जीएचा (जिबरेलिक आम्लाचा, म्हणजे बाहेरून दिलेल्या जिबरेलिनचा) अंश असू शकतो, आणि जीए हा सीसीसी-पॅक्लोचा सरळ उतारा आहे. उलट दिशेचा धोका त्याहून मोठा. इथला सीसीसीचा पंप शेजारच्या द्राक्षबागेत गेला तर अवशेष घडांत उतरतील. २०१० साली सीसीसीच्या अवशेषांमुळेच भारतीय द्राक्षे युरोपात अडकली होती. पंपावर लाल रंगाने 'फक्त कुंड्या' लिहिले.

१७ जून

जास्वंदीवर सीसीसीची पहिली फवारणी. फूट ३ ते ५ सेंमी, दोन-तीन पाने उघडलेली. हीच वेळ. याआधी औषध घ्यायला पुरेसे पान नसते, याच्या नंतर पेर लांबून झालेले असते.

डोस ५०० पीपीएम. पाण्याचा हिशोब क्षेत्रावर: १०० चौरस फुटांना २ लिटर. ४०० कुंड्या, १ फूट अंतर, म्हणजे ४०० चौरस फूट. एकूण ८ लिटर पाणी, ८ मिली औषध. कोऱ्या १० कुंड्या आधीच बाजूला उचलून नेल्या. पंपवाल्याला 'पाने ओली होईपर्यंत' असे सांगितले की कोणी १२ लिटर संपवतो, कोणी ६, आणि झाडाला मिळणारा डोस दुप्पट-अर्धा होतो. त्यापेक्षा ८ लिटर भरून दिले आणि एवढ्यात दोनदा, उलट-सुलट दिशेने, सगळी रांग पुरवायला सांगितले.

वेळ सकाळी साडेसहा. पाने कोरडी, वारा नाही, आभाळ भरलेले पण पाऊस नाही. कुंड्या आदल्या संध्याकाळी भरपूर भिजवल्या होत्या. तहानलेल्या झाडावर सीसीसी मारले तर पान भाजते. फवारणीनंतर दिवसभर वरून पाणी नाही. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या. सीसीसी पोटात गेले तर गंभीर विषबाधा होते, म्हणून मोजण्याची जागा चहाच्या ओट्यापासून वेगळी.

२० जून

जास्वंदीच्या कोवळ्या पानांच्या कडा पिवळट. साधारण दर पाच कुंड्यांत एक, रांगेच्या टोकाला जास्त, जिथे पंपवाला वळताना थांबतो. हा सीसीसीचा नेहमीचा डाग. कडेपुरता आणि फिकट पिवळा असेल तर पुढची पाने हिरवी येतात व ही पाने झाकली जातात. कडा तपकिरी होऊन सुकली तर डोस किंवा ऊन जास्त झाले असे धरावे. इथे तपकिरी नाही. वळताना नोझल बंद करायची सूचना दिली.

२२ जून

बोगनवेलीवर पॅक्लोची चाचणी. ४० कुंड्या: दहा कोऱ्या, बाकी दहा-दहा कुंड्यांना २, ५ आणि १० मिग्रॅ. फवारणी नाही, आळवणी (द्रावण कुंडीत मुळांशी ओतणे), कारण बोगनवेलीची फूट सगळीकडून येते आणि प्रत्येक कोवळ्या खोडाला थेंब लागेल अशी फवारणी पावसाळी हवेत होत नाही.

पद्धत: दहा कुंड्यांसाठी एकूण ३ लिटर द्रावण. २ मिग्रॅसाठी साठा द्रावण २० मिली, ५ साठी ५० मिली, १० साठी १०० मिली, आणि पाण्याने ३ लिटर पुरे करायचे. प्रत्येक कुंडीला ३०० मिली मगाने, खोडाभोवती गोल फिरवत. मिश्रण आधी ओलसर असावे, चिखल नसावा. कोरडे असेल तर पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली जाते, चिकचिकीत असेल तर वरून घातले तेवढे खालून निघते. खालच्या भोकातून चार-दोन थेंब आले तर प्रमाण बरोबर. धार आली तर औषध वाया गेले. आळवणीनंतर दोन दिवस ठिबक बंद.

एससी औषध तळाशी बसते. साठा द्रावण प्रत्येक वेळी हलवूनच सिरिंज भरायची, नाहीतर पहिल्या दहा कुंड्यांना पाणी आणि शेवटच्या दहांना गाळ मिळतो.

१ जुलै

जास्वंदीवर दुसरी सीसीसी, पुन्हा ५०० पीपीएम, ८ लिटर. दोन दिवस पावसाने थांबलो. आज सकाळी उघडीप मिळाली, पण फवारणीनंतर सुमारे दीड तासात सर आली. पुन्हा फवारायचे की नाही? नाही फवारले. थोडे शिरलेले असणार, त्यावर पूर्ण डोस पडला तर कडा जळतील. दहा दिवस वाट पाहून पेर मोजायचे आणि मग ठरवायचे.

तगर: १२० पैकी ६० वर पॅक्लोची फवारणी ५० पीपीएम, म्हणजे लिटरला ०.२ मिली. नोझल खालून वर धरून खोड ओले केले.

१३ जुलै

बोगनवेल चाचणीचे माप, आळवणीनंतर २१ दिवस. प्रत्येक कुंडीतली सर्वांत लांब तीन फुटी मोजली. कोऱ्यांत सरासरी ३१ सेंमी. २ मिग्रॅला २७, नजरेला फरक कळत नाही. ५ मिग्रॅला १९, पेर आखूड, पान गडद, आकार छान भरलेला. १० मिग्रॅला ११, पाने शेंड्याशी दाटलेली, थोडी चुरगळलेली. हे झाड बाजारात दहा-बारा आठवड्यांनी जायचे आहे, तोपर्यंत ते तसेच बसून राहील. निवड ५ मिग्रॅ.

जास्वंदीत कोऱ्यांपेक्षा फूट साधारण एक तृतीयांशाने आखूड. पाऊस पडून गेलेल्या फवारणीचाही असर दिसतो. तिसरी फवारणी सध्या नको.

तगर असमान. एकाच झाडाची पुढची बाजू आखूड, मागची लांब. ज्या खोडांना द्रावण लागले ती थांबली, बाकी धावली. पानाकडून खोडाकडे हे औषध जात नाही, ते इतके स्पष्ट कुठल्याच पुस्तकी चित्रात दिसणार नाही. तगरीला पुढे फक्त खुडणी.

१५ जुलै

उरलेल्या २०० बोगनवेलींना आळवणी. २८ जूनला यांचे शेंडे पुन्हा खुडले होते, नवी फूट ४-५ सेंमी. हिशोब: २०० कुंड्या × ५ मिग्रॅ = १००० मिग्रॅ, म्हणजे साठा द्रावण १ लिटर, म्हणजे मूळ औषध ४ मिली. दोनशे कुंड्यांना चमचाभरसुद्धा नाही. ड्रममध्ये ५९ लिटर पाणी, त्यात हे १ लिटर, काठीने ढवळत राहणे, मगाने ३०० मिली. दोन माणसे, पावणेदोन तास. यात मिश्रण अ मधल्या १०० आणि ब मधल्या १०० कुंड्या.

२४ जुलै

बोगनवेलीच्या पानांवर तपकिरी गोल ठिपके, कडा लालसर. पावसाळ्यातला नेहमीचा पानठिपका. ठिपके मिश्रण अ च्या शेवटच्या ५० कुंड्यांत जास्त, तिथे छपराची पागोळी पडते. त्या ५० वर प्रोपिकोनॅझोल फवारले, लिटरला १ मिली. बाकीच्यांवर काही नाही.

६ ऑगस्ट

मिश्रण अ मधल्या बोगनवेली बसल्या आहेत. ब मध्ये ५ मिग्रॅचा असर चाचणीसारखाच, सरासरी १८ सेंमी. अ मध्ये त्याच ५ मिग्रॅला १२ सेंमी, जवळपास चाचणीतल्या १० मिग्रॅइतके. आणि अ च्या शेवटच्या ५० मध्ये ८ सेंमी, शेंडे गुंडाळलेले, पाने जाड.

कारणे दोन, आणि रांगा वेगळ्या होत्या म्हणूनच ती सुटी करता येतात.

पहिले: मिश्रण. चाचणीच्या चाळीसही कुंड्या ब मधून घेतल्या होत्या. रांग जवळ होती, एवढेच कारण. मातीतले चिकणकण आणि कुजलेले शेणखत पॅक्लो धरून ठेवतात, मुळांना त्यातला काही भागच मिळतो. कोकोपीट-तूस मिश्रणात धरणारे कमी, म्हणून दिलेल्यापैकी जास्त हिस्सा झाडात चढतो. तोच आकडा, पण झाडाला पोचलेला डोस वेगळा. चाचणी प्रत्येक मिश्रणात वेगळी घ्यायला हवी होती.

दुसरे: प्रोपिकोनॅझोल. हे बुरशीनाशक ट्रायअझोल गटातले, पॅक्लोचे सख्खे भावंड. हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोलही याच घरचे. बुरशीत ते जी प्रक्रिया अडवतात तिच्याशी झाडातली जिबरेलिनची वाट मिळतीजुळती आहे, म्हणून कमी-अधिक प्रमाणात सगळी वाढ रोखतात. एरवी हे लक्षातही येत नाही. आधीच पॅक्लो दिलेल्या झाडावर मात्र दुसरा डोस दिल्यासारखे होते. २४ जुलैची निवड चुकली. ठिपक्यासाठी मँकोझेब किंवा क्लोरोथॅलोनिल चालले असते. औषधांच्या कपाटात ट्रायअझोल गटाचे वेगळे खण केले आणि खणावर लिहिले: पॅक्लोच्या रांगेत नको.

आणखी एक गोष्ट याच रांगेत दिसली. खालची पाने पिवळी आणि कुंडी जड. वाढ थांबलेले झाड पाणी कमी पिते, पण ठिबक सगळ्यांना सारखेच चालू होते. दोन कुंड्या उपटून पाहिल्या, मुळांची टोके तपकिरी. या रांगेचे नळ अर्धे बंद केले, कुंड्या विटांवर चढवल्या.

उलट टोकाला ब मधल्या सात कुंड्यांत काहीच असर नाही, फूट कोऱ्यांइतकी लांब. कुंडी उचलायला गेलो तर उचलेना. मुळे भोकातून खाली मुरमात उतरली होती. ती मुळे औषध नसलेल्या जमिनीतून पाणी आणि अन्न घेतात, कुंडीत काय ओतले याला मग अर्थ राहत नाही. मुळे कापली, खाली वीड मॅट (तण रोखणारे जाड कापड) अंथरली. आळवणीच्या आधी प्रत्येक कुंडी एकदा उचलून ठेवायची, हे कामाच्या यादीत घातले.

१० ऑगस्ट

बसलेल्या ५० पैकी २० वर जीएचा प्रयोग. जीए३ ची पूड १ ग्रॅम, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळवून मग पाण्याने १ लिटर: १००० पीपीएम. पूड थेट पाण्यात टाकली तर गुठळ्या राहतात, हे द्राक्षवाल्यांना सांगायला नको. या द्रावणातले १० मिली एका लिटरला: १० पीपीएम. संध्याकाळी, शेंडे ओले होतील एवढेच. पंप वेगळा, हातातला २ लिटरचा, त्यावर हिरवी खूण.

१० पीपीएमनेच सुरुवात, जास्त नाही. घाईने ५०-१०० मारले तर फूट दोऱ्यासारखी बारीक आणि फिकट येते, आणि ती परत आखूड करता येत नाही. उरलेल्या ३० तशाच ठेवल्या, तुलनेसाठी.

१९ ऑगस्ट

जास्वंदीच्या चौदा कुंड्यांत शेंडे गोळा झालेले, पाने चुरगळलेली. बोगनवेलीचा अनुभव ताजा असल्याने पहिला संशय सीसीसीवर गेला. भिंगाने पाहिले तर शेंड्यांच्या बेचक्यात पांढरा कापूस, पिठ्या ढेकूण. जास्वंदीवर तो शेंडा अगदी असाच पिळवटतो. ओळखायची खूण: औषधाने बसलेला शेंडा सगळ्या फांद्यांवर आणि सगळ्या रांगेत सारखा दिसतो, ढेकणाने पिळलेला शेंडा ठिपक्या-ठिपक्याने दिसतो आणि तिथे मुंग्या असतात. शेंडे कापून पिशवीत बंद केले, रांगेवर निंबोळी तेल व साबण, सात दिवसांनी परत.

२७ ऑगस्ट

जीए दिलेल्या २० पैकी १३ मध्ये नवी फूट, ५ ते ७ सेंमी, पेर मोकळे. सातांत अजून हालचाल नाही, त्यांना आज दुसरी फवारणी १० पीपीएम. न दिलेल्या ३० मध्ये फक्त चारांत फूट हलली. जीएने उतारा मिळतो, पण कुंडीत पॅक्लो अजून शिल्लक आहे. जीएचा जोर ओसरला की नवी फूटही मंदावणार. त्यामुळे ही फूट खुडायची नाही.

जास्वंदीत कळ्या दिसू लागल्या. सीसीसी आता कायमचे बंद. कळी दिसल्यावर दिलेले वाढरोधक फुलाचा देठ आणि आकार दोन्ही खुजे करते. लांब राहिलेल्या वीसेक झाडांवर तिसरी फवारणी करायचा मोह होतो. तिथे कात्रीच बरी.

१२ सप्टेंबर

ब मधल्या बोगनवेली उत्तम. कुंडीच्या काठावर ४०-४५ सेंमी, सगळीकडून बंद. पाऊस ओसरताच त्यांना ताण: पान किंचित लवेपर्यंत पाणी नाही, मग एकदा पूर्ण. नत्र बंद, ०:५२:३४ लिटरला १ ग्रॅम, आठवड्यातून एकदा. वाढ आवरलेल्या बोगनवेलीला हा ताण लवकर मानवतो, कारण पानांचा पसारा कमी. कोऱ्या दहांत त्याच वेळी पाने लोंबली आणि तीन कुंड्यांत खालची गळाली.

२८ सप्टेंबर

मेलेल्या आणि रद्द केलेल्या ११ बोगनवेलींचे मिश्रण वेगळे काढले. हे मिश्रण पुन्हा चाळून रोपांच्या ट्रेमध्ये जाता कामा नये. पॅक्लो मातीत सहज मोडत नाही, आणि झेंडूसारख्या कोवळ्या रोपाला त्याचा अगदी थोडा अंशही पुरतो. बी उगवते, दोन पानांवर थांबते, आणि माणूस बियाण्याला दोष देत बसतो. प्लास्टिकही ते शोषून घेते आणि पुढच्या वेळी हळूहळू सोडते. म्हणून पॅक्लोच्या कुंड्यांना काठावर निळी रेघ मारली. त्या फक्त पुन्हा मोठ्या झुडपांसाठी, बियांसाठी किंवा कलमांसाठी कधीच नाही. ढवळायची काठी, मग आणि ड्रम यांवरही तीच निळी रेघ. काढलेले मिश्रण कुंपणाच्या मोठ्या झाडांखाली पसरले, विहिरीपासून आणि नाल्यापासून दूर.

९ ऑक्टोबर

माल भरला. जास्वंद ३७२, बोगनवेल १९६, तगर ११४, एक्झोरा ७८. जास्वंदीच्या फांद्या आखूड असल्याने गाडीत दोन थर लावता आले, वरच्या फळीला शेंडे टेकले नाहीत.

प्रत्येक बोगनवेलीच्या चिठ्ठीवर: 'वाढ आवरण्यासाठी पॅक्लोब्युट्राझोल ५ मिग्रॅ, १५ जुलै' (चाचणीच्या कुंड्यांवर त्यांचा डोस आणि २२ जून). ठेकेदाराला हे लेखी कळायलाच हवे. त्याने कुंपणासाठी जमिनीत लावली तर मुळे बाहेर पसरेपर्यंत वेल हळू चालेल. गच्चीवर कुंडीतच ठेवली तर हाच फायदा. कुंपणासाठी मागणाऱ्याला कोऱ्या कुंड्या दिल्या.

जीए दिलेल्या वीसांपैकी पंधरा गेल्या, पण दुसऱ्या प्रतीच्या दरात. आकार सुधारला तरी फूट दोन टप्प्यांची दिसते, खाली दाट आणि वर मोकळी.

पुढच्या लॉटसाठी वहीत लिहिलेले डोस: जास्वंद, सीसीसी ५०० पीपीएम, छाटणीनंतर १५ आणि २९ दिवसांनी, १०० चौरस फुटांना २ लिटर. बोगनवेल मिश्रण ब ला ५ मिग्रॅ. मिश्रण अ ला चाचणी १, २ आणि ३ मिग्रॅवर, दहा-दहा कुंड्या, शिवाय अ च्याच दहा कोऱ्या. तगर आणि एक्झोरा, फक्त खुडणी.

अ मधल्या २३ बोगनवेली गाडीत चढल्या नाहीत. त्या छपराच्या पागोळीपासून दूर, उन्हाच्या बाजूला विटांवर ठेवल्या आहेत. दर पंधरा दिवसांनी त्यांची सर्वांत लांब फूट मोजायची. अ मध्ये ५ मिग्रॅ पॅक्लो नेमके किती दिवस धरते, ते या कुंड्या सांगतील. पहिले माप २४ ऑक्टोबरला.